उरलेल्या गोळ्यांची बाई

मरणाच्या घरी माणसं खाली मान घालून बसतात. आमच्या सिस्टरबाई वर बघायच्या. दाराशी चपला काढून, घरच्या बाईचा हात हातात घेऊन दोन शब्द बोलून झाले, की त्यांची नजर आढ्यावरून छपराच्या कवेलूंकडे, तिथून देवाच्या फळीकडे आणि मग तांदळाच्या कोठीकडे फिरायची. नवख्याला वाटावं, बाई घर विकत घ्यायला आल्या आहेत.

मी त्यांच्या गाडीचा ड्रायव्हर. ज्यांचा आजार आता बरा होणार नाही, त्यांच्या घरी जाऊन निदान दुखणं तरी कमी करायचं, हे आमचं काम. माणूस गेला की आठवड्याभरात आम्ही पुन्हा एकदा जायचो, भेटायला आणि उरलेली औषधं परत आणायला. त्यात मॉर्फिनच्या गोळ्या असतात. त्या घरच्यांसमोर मोजायच्या, सही घ्यायची, दवाखान्यात परत न्यायच्या आणि तिथे दोघांच्या देखत नष्ट करायच्या. नियम सोपा आहे. पण आमच्या भागात कामाची वस्तू कोणी सहजासहजी फेकू देत नाही. "चांगली गोळी आहे जी, वाया काऊन घालवता?" हे मी जवळपास प्रत्येक घरी ऐकलं आहे. तुमच्याही घरी एखाद्या डब्यात जुन्या गोळ्या असतीलच, शोधून बघा.

सिस्टरबाईंचं उत्तर ठरलेलं होतं. "गोळी पेशंटची असते, घरची नसते."

पोंभुर्ण्याकडच्या एका गावात आम्हाला पोचायला उशीर झाला. तोवर गेलेल्या म्हातारीच्या गोळ्या शेजाऱ्याने कंबरदुखीसाठी घेतल्या होत्या. एक नाही, दोन, कारण तो म्हणे अंगाने म्हातारीच्या दुप्पट होता. भाताचे रोवणे चालू होते. गडी बांधावरच असा आडवा झाला की बायकोने हंबरडा फोडला आणि कोणीतरी लांबच्या पाहुण्यांना फोन लावले. दुसऱ्या दिवशी हा उठून बसतो तर पाहुणे अंगणात. त्या सगळ्यांना जेवू घालून पाठवावं लागलं. परतताना मी स्टेअरिंगवर हसत होतो. सिस्टरबाईंनी मला पोटभर हसू दिलं आणि म्हणाल्या, "हसून घे भाऊ. तिसरी खाल्ली असती तं तेच पाहुणे मयतीले आले असते."

लोक गोळ्या लपवतात याला मी चोरी म्हणायचो. त्यांना ते आवडत नसे. घरात एकदा तसलं दुखणं पाहिलं की माणूस पुढच्याची तजवीज करून ठेवतो, त्यात चोरी कसली, ते भेव आहे, असं त्या म्हणायच्या. म्हणून त्या कोणाला रागावल्या नाहीत. फक्त गोळी मिळेपर्यंत उठायच्या नाहीत.

जिवतीच्या डोंगरातल्या एका गोंड गावात मात्र पंचाईत झाली. घरचे म्हणाले, गोळ्या नाहीत, देऊन टाकल्या. कोणाला, तर ज्याच्या होत्या त्याला. माणसाच्या वापरातल्या वस्तू त्याच्या थडग्याशी ठेवायची त्यांची रीत. तिथे वाटी होती, काठी होती, तंबाखूची डबी होती आणि शेजारी कागदात नीट गुंडाळलेलं आमचं पाकीट. आसपास शेळ्या चरत होत्या, पोरं खेळत होती. पण गेलेल्या माणसाची वस्तू उचलायची कोणी? मी तर पुढे पाऊलच टाकलं नाही. सिस्टरबाई गावच्या जाणत्या म्हाताऱ्याजवळ जाऊन बसल्या. मोहफुलाच्या गोष्टी झाल्या, पावसाच्या झाल्या. मग त्यांनी विचारलं,

"बाबा, तिकडे दुखते का जी माणसाले?"

"नाई. तिकडे काऊन दुखन?"

"मंग गोळी कशाले?"

म्हातारा उठून थडग्याशी गेला, गेलेल्याला गोंडीत काहीतरी समजावलं आणि पाकीट आणून दिलं. मोजल्या तर एक गोळी कमी. वाटेत लागेल म्हणून एक ठेवली, असं तो म्हणाला. सिस्टरबाई नुसता हात पुढे धरून उभ्या राहिल्या. शेवटी म्हाताऱ्याने हसत तीही दिली.

हे सगळं पाहून मी स्वतःला शहाणा समजत होतो. मग माझी माय गेली. तोंडाचा कॅन्सर, जन्मभर चघळलेल्या तंबाखू-सुपारीच्या खर्र्याची कमाई. आठव्या दिवशी सिस्टरबाई माझ्याच गाडीतून माझ्या घरी गोळ्या न्यायला आल्या. दहा गोळ्यांची एक पट्टी कमी भरली. त्यांनी दोनदा मोजल्या, माझ्याकडे न बघता चहा मागितला आणि बशीत ओतून फुंकत बसल्या. अर्ध्या चहापर्यंत मी टिकलो. मग गाडीकडे गेलो आणि त्यांच्या सीटखालच्या पान्यांच्या डब्यातून पट्टी काढून आणली. बाई माझ्या घरापर्यंत त्या पट्टीवरच बसून आल्या होत्या.

"कोणासाठी ठेवली?"

मी सांगितलं, बाबासाठी. त्याच्याही गालात आतून फोड आहे, दोन महिने झाले, भरत नाही.

त्यांनी बशी खाली ठेवली. "गोळी लपवली भाऊ, अन् बाबाचं तोंड कोणाले दाखवलं नाई."

इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. बाप जिवंत असताना मी त्याच्या मरणाची सोय करून बसलो होतो. सिस्टरबाई अंगणात गेल्या, बाबाच्या हातातली खर्र्याची पन्नी काढून घेतली आणि टॉर्च पेटवली. बाबा म्हणाला, मले काई झालं नाई. त्या म्हणाल्या, मंग आ करा. त्याच दुपारी मी बाबाला चंद्रपूरला नेलं. ऑपरेशन झालं, अर्धा जबडा गेला, माणूस राहिला. आता भात पातळ करून खातो आणि बोललेलं कोणाला कळत नाही, पण मला दिलेल्या शिव्या बरोबर कळतात. त्या बाईमुळे माझा बाप आहे, हे मी कोणालाही सांगतो.

मागच्या उन्हाळ्यात ब्रह्मपुरीला, आपल्या घरी, दुपारच्या झोपेत सिस्टरबाई गेल्या. आठवड्याने मी आणि नवीन सिस्टर निघालो, तर बाबा आधीच गाडीत बसलेला. घरी तथागतांच्या तसबिरीपुढे मेणबत्ती होती. गाडी पाहून त्यांचे मास्तर नवरे गडबडीने उठले. ते म्हणाले, "तिच्या गोळ्या न्याले आले असान. पण एकही नाई जी. पाहून घ्या पाहिजे तं."

मी म्हणालो, नुसतं भेटायला आलो. आजवर इतक्या मरणाच्या घरी गेलो, नुसता भेटायला पहिल्यांदाच. बाबा लहान पोरासारखा रडत होता, काय म्हणत होता ते कोणालाच समजलं नाही. चहा आला, संपला. मोजायचं काही नव्हतं, सही घ्यायची नव्हती. तरी आमच्यापैकी कोणी उठेना.