वाळवंटातल्या मांजरींचं बारसं

शुक्रवारी दुपारी अंगणवाडीतून परतल्यावर मला कुणाशीही बोलायची इच्छा नसते. सकाळपासून पोरांची नाकं पुसायची, खिचडीकडे बघायचं, मग मोबाईलवर त्यांची वजनं भरायची आणि नेटवर्क गेलं की तीच पुन्हा भरायची. घरी आले की आईचं अंग पुसायचं, तिची कूस बदलायची. खुब्याचं हाड मोडल्यापासून ती खाटेवरच आहे. कूलरमध्ये पाणी टाकेपर्यंत माझा जीव मेटाकुटीला येतो. नेमका तेव्हाच फोन वाजतो, कारण भाऊ राहतो त्या देशात शुक्रवारी सुट्टी असते.

भाऊ आखातात एसी दुरुस्त करतो. बायको आणि मुलगी त्याच्याजवळच असतात. त्या दिवशी भाचीनं वही फोनसमोर धरली. वहीत तीन मांजरी होत्या, खाली पिवळी वाळू. ती गोष्ट लिहीत होती. मांजरी वाळवंटात राहतात एवढं ठरलं होतं, नावं ठरायची होती.

"आत्या, नावं तू ठेव."

"मीच काहून व? तुह्या आईले सांग."

"बाबा म्हणतात, आपल्यात नाव आत्याच ठेवते."

आईनं खाटेवरून मान वळवली. तिचे कान अजून शाबूत आहेत.

भाऊ खरंच सांगत होता, आपल्यात आत्याच ठेवते. फक्त त्याच्या मुलीच्या बारशाला तसं झालं नाही. माझा नवरा जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. राळेगावला माझ्या माहेरच्या घरी पाळणा सजला, बाया जमल्या आणि आई मला म्हणाली, "तू घुगऱ्या पाह्य, करपतीन." बाळाच्या कानात नाव सांगितलं ते चुलत बहिणीनं. मी चुलीजवळ घुगऱ्या ढवळत होते. वहिनीचे दिवस भरत आले तेव्हापासून मी एक नाव मनात धरलं होतं. एसटीत खिडकीशी बसून ते ओठातल्या ओठात म्हणून पाहायची. कुणी विचारलं नाही, मी कुणाला सांगितलं नाही. आईचा तेव्हा फार राग आला. आजही येतो. तिची वेणी घालताना तर हमखास येतो.

असो. भाची फोनवर वाट बघत होती.

"मनी ठेव," मी म्हटलं. सुटका हवी होती.

"मनीला दूध मिळतं, आत्या. ह्यांना कुठून मिळणार?"

"मंग वाळू ठेव."

"वाळूत राहतात ते त्यांना माहीतच आहे. मासोळीचं नाव कुणी पाणी ठेवतं का?"

अंगात त्राण नव्हतं, तरी हसू आलं. पोरगी बापासारखीच हेकट आहे. आमच्या अंगणवाडीत हल्ली जी नावं येतात ती सगळी एकाच ताग्यातून कापल्यासारखी वाटतात. हाक मारताना माझी जीभ अडखळते आणि पोरगं तिसऱ्याच कुणाकडे तरी बघतं. पण त्या आईबापांचं एक मला कळतं. आपल्याजवळ नाही आणि लेकराला मिळावं असं जे वाटतं, त्याचंच नाव ते ठेवतात. मी विचार केला, वाळवंटातल्या मांजरीला काय मिळावं? इथे मे महिन्यात आमचं कुत्रं दिवसभर भिंतीच्या कडेकडेनं सरकत असतं, ते डोळ्यांसमोर आलं.

"सावली," मी म्हटलं.

भाचीनं ते लगेच लिहिलं नाही. आधी घरभर ओरडून पाहिलं. वाळवंटात भिंती नसतात, हाक लांब गेली पाहिजे, असं तिचं म्हणणं. "साऽव-लीऽऽ" लांब गेली, वहिनी स्वयंपाकघरातून ओरडली, नाव पक्कं झालं.

दुसरा बोका होता. त्याच्यासाठी मी दहिवर सुचवलं. दहिवर म्हणजे काय, हे तिला माहीत नव्हतं. थंडीत पहाटे तुरीतून चाललं की लुगडं गुडघ्यापर्यंत भिजतं, तेच पानावरचं पाणी, असं मी सांगितलं. तुझा बोका तेच चाटून जगत असेल. तिला पटलं, पण हाक लांब जाईना. मग मी त्याचा दहिवऱ्या केला. "दहिवऱ्याऽऽ" चांगलं लांब गेलं. थकवा गेला नव्हता, पण मी भिंतीला टेकून पाय पसरले होते आणि कूलरचं पाणी विसरले होते.

तिसरी मांजर एका डोळ्यानं आंधळी आणि बरीच म्हातारी होती.

"म्हातारीच ठिव मंग," आई खाटेवरून म्हणाली. तिला कुणी विचारलं नव्हतं.

"आजी, नाव तर ती लहान असताना ठेवलं असेल ना? तेव्हा ती म्हातारी कुठे होती?"

आई विचारात पडली. "मंग चांदणी ठिव. आमच्या वक्ताले लय चांदण्या होत्या."

भाचीनं हाक मारून पाहिली आणि चांदणी लिहून टाकलं. आई खूश झाली. माझ्या मनात मात्र आलं, इथेही हिनं हात घातलाच.

वही मिटता मिटता भाचीनं विचारलं, "आत्या, माझं नाव पण तूच ठेवलंस ना?"

मी तोंड उघडायच्या आत आई बोलली, "हो व माय, तिनंच ठिवलं."

किती सहज बोलली! माझ्या तोंडावर मला चुलीजवळून उठवून पाळण्याशी नेऊन बसवलं, तेही आत्ता, उपयोग नसताना. तिला वाटलं असेल, झालं, मिटलं. मला रडूही आलं नाही इतका संताप आला.

"नाही," मी म्हटलं. "मी नाही ठेवलं. मले तिथं बसू नाही देलं."

"काहून?" भाचीनं अगदी बापाच्या सुरात विचारलं.

"तुहे फुफाजी वारले होते म्हणून."

तिला ते काही कळलं नाही. कळण्यासारखं त्यात आहेही काय? ती म्हणाली, "पण तू ठरवलं होतंस का?"

"हो."

"काय?"

मी तिला सांगितलं, फोन कानाला लाव. स्क्रीनवर तिचा कान आला, केसांची बट आली, मग सगळं काळं झालं. मी फोन तोंडाजवळ घेतला, कुर्र केलं आणि ते नाव हळूच सांगितलं. पलीकडे तिनंही ते तितक्याच हळू म्हणून पाहिलं, एकदाच, आणि फोन ठेवला.

"काय सांगतलं व?" आईनं विचारलं.

बारशात नाव कानात सांगून झालं की सगळ्यांना मोठ्यानं सांगायचं असतं. आई उशीवरून मान उचलून माझ्याकडे बघत होती. मी तिची कूस बदलली, उशी नीट केली, आणि सांगितलं नाही.