घासलेल्या कोब्यावर

ग्राइंडर चालू असला की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. त्यामुळे आमच्या धंद्यातली माणसं दिवसभर गप्प असतात आणि ग्राइंडर थांबला की सगळी एकदम बोलायला लागतात. किस्से साठतात ते असे. आम्ही तिघं : ग्राइंडरवर खर्ड्याचा सुदाम, केमिकल आणि पॉलिशला भिंगारचा डेव्हिड आणि गिऱ्हाइकाशी बोलायला मी. काम एकच, झिजलेला जुना सिमेंटचा कोबा घासून पुन्हा चमकवायचा.

*

ट्रॅक्टरच्या एका शोरूमचा कोबा आम्ही इतका चमकवला की छताच्या ट्यूबलाइट खाली दिसायच्या. थोड्याच दिवसांत मॅनेजरचा फोन आला, "अहो, गिऱ्हाईक ट्रॅक्टरजवळ येईना."

जाऊन बघतो तर दाराबाहेर चपलांचा ढीग! शेतकरी मंडळी अनवाणी, भिंतीच्या कडेकडेने चालत होती आणि मधल्या ट्रॅक्टरपर्यंत कुणीच पोचत नव्हतं.

"चमक थोडी कमी करून मिळेल का?" मॅनेजरने विचारलं.

सुदाम म्हणाला, "ट्रॅक्टर आतल्या आत चार येळा फिरवा, सायेब. आपसूक कमी हुईल."

*

केडगावच्या बाजूला एका मंगल कार्यालयाचं काम केलं. मालक रोज शेजारी उभे. जरा ओरखडा दिसला की डेव्हिडला हाक. काम झालं, मालक खूश, पहिल्या लग्नाला आम्हाला जेवणाचं आमंत्रण. गेलो तर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सतरंज्या अंथरलेल्या.

"फरशी कुठंय मालक?"

"खाली हाय की. खराब हुईल म्हनून झाकली."

जेवण मात्र चांगलं होतं.

*

एका हॉलचा कोबा वर्षाच्या आत पांढरा पडला. साध्या पाण्याने पुसा, असं आम्ही बजावून आलो होतो. साफसफाईच्या मावशींना विचारलं, कशाने पुसता?

"संडासाच्या ॲसिडनं. लई फेस येतो. म्हंजी घाण निघती."

डेव्हिडने त्यांना समजावलं की मावशी, फेस येतो तो घाणीचा नाही, ॲसिड कोबाच खातंय. मावशींनी शांतपणे ऐकून घेतलं.

"मग खाऊ द्या की. तुमालाच पुन्ना काम मिळंल न्हवं?"

बाई आमच्याच बाजूच्या होत्या.

*

भिंगारला लेथ मशीनचं एक वर्कशॉप होतं. अण्णा जन्मभर त्या मशीनपुढे उभे राहिलेले. त्यांचे हात थरथरायला लागले तसं विलासने, म्हणजे त्यांच्या मुलाने, मशीन विकलं आणि तिथे मोबाईलचं दुकान काढायचं ठरवलं. त्या दिवसापासून अण्णा बाहेर पायरीवर बसून असायचे. आत पाऊल टाकत नव्हते आणि विलासशी बोलतही नव्हते.

विलास मला म्हणाला, "दादा, फरशी अशी करा की अण्णांना आत यावंसं वाटलं पायजे." मला त्याचं वाईट वाटलं.

तेलाचे डाग गेले, सगळा कोबा लखलखीत झाला. राहिले फक्त दोन खळगे. मशीन होतं तिथे, अण्णांच्या पावलांनी झिजून पडलेले. तेवढं खोल घासलं असतं तर सगळीकडे खडी उघडी पडली असती.

"भरून टाका," विलास म्हणाला. डेव्हिड घमेल्यात सिमेंटचा मसाला कालवायला बसला. सुदामने ग्राइंडर बंद केला.

बाहेर अण्णा उठले. चपला पायरीवर काढून आत आले. चमकणाऱ्या फरशीकडे त्यांनी बघितलंही नाही. सरळ चालत गेले आणि दोन्ही पाय त्या खळग्यांत ठेवून उभे राहिले. मग उजवा हात कमरेपाशी नेला आणि तिथे नसलेलं मशीनचं चाक सावकाश फिरवायला लागले.

विलास शटरपाशी उभा होता. अण्णांनी मानही वर केली नाही.

"विल्या, बाजूला सर. उजेड अडतोय."