चिमाजीची झोप आणि फोनातली भरती

चिमाजीला उभ्या उभ्या झोपलेलं पाहिलं नाही, असा माणूस आमच्या गावात सापडायचा नाही. हनुमंताच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना तो अक्षता मुठीत धरून झोपला होता. वाजंत्री कडाडली तसा दचकला आणि म्हणाला, “लागलो का काठाला?” नवरदेवालाही हसू आवरलं नाही.

चिमाजी म्हणजे भाटघर धरणाच्या पाण्यात आमच्या गावची होडी वल्हवणारा. आज तीस-बत्तीस वर्षं झाली. भोरची सडक पलीकडच्या काठाला. काठाकाठानं जायचं तर दीड तास, होडीनं वीस मिनिटं. होडीतून त्यानं माणसं नेली, शेरडं नेली, एकदा लोखंडी कपाट नेलं आणि कपाटाच्या आरशात बघून भांगही पाडला. असले किस्से माझ्यापाशी पोतंभर आहेत, पण आज झोपेचाच सांगतो.

उन्हाळ्यात खालच्या गावांच्या शेतीला धरणातून पाणी सोडतात. आमचा काठ सपाट. पाणी चार-सहा बोटं उतरलं की दहा-बारा हात मागं सरकतं. संध्याकाळी पाण्यात बांधलेली होडी सकाळी चिखलात बसलेली. खोल पाण्यात ठेवावी तर वारा सुटल्यावर खडकावर आपटते. म्हणून फाल्गुनापासून मृगापर्यंत चिमाजी काठावरच घोंगडी टाकतो. पाण्याच्या कडेला कारवीची काठी रोवतो, पाणी काठी सोडून गेलं की उठून होडी पुढं ढकलतो, पुन्हा काठी रोवतो. बायको असताना दोघं आळीपाळीनं उठायची. ती गेल्यापासून सात उन्हाळे तो एकटाच उठतोय.

गेल्या चैत्रात त्याची पुतणी शिवानी अलिबागेहून आली. तिचा नवरा संजय तिकडं मासेमारीच्या होडीवर आहे. काकाचे तांबडे डोळे बघून तिनं त्याच्या मोबाईलमध्ये एक ॲप टाकून दिलं. “काका, तिकडं समदे ह्याच्यात भरती-ओहोटी बघत्यात. हे बघा, तुमच्या गावाचं नाव पन आलं.” नाव आलं होतं खरं. त्याखाली बारीक अक्षरं होती, ती वाचायच्या आत तिची एसटी आली.

पहिल्या दिवशी ॲपनं सकाळी ओहोटी सांगितली. पाणी उतरलेलं होतंच. दुपारनंतर भरती सांगितली, आणि चारच्या सुमाराला कोरडी काठी दोन बोटं भिजली. दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशी चिमाजीनं मला हाक मारून दाखवलं.

“दादा, पानी चढतंय.”

रोज दुपारी वारा सुटतो आणि लाटा आमच्याच काठाकडं ढकलतो, हे मी लहानपणापासून बघतोय. पण मोबाईल पुढं धरल्यावर आठवलं नाही. सातवी पास माणूस मी, मान डोलावली. त्या मानेचा मला अजून राग येतो.

चौथ्या दिवशी सकाळी सात वाजता रखमाजीची बायको धोंडाबाई हिला पलीकडच्या सडकेवर पोचवायचं होतं. मोतीबिंदूच्या शिबिराची गाडी तिथून पेशंट घेणार होती. ॲप म्हणत होतं, सकाळी सहाला भरती. चिमाजीनं होडी बांधली आणि सात उन्हाळ्यांत पहिल्यांदा घरात, बाजेवर झोपला.

सकाळी मीही काठावर गेलो. होडी चिखलात कलली होती, पाणी लांब चकाकत होतं. धोंडाबाई गाठोडं मांडीवर घेऊन दगडावर बसली होती.

“भावजी, पानी कुठं हाय?”

“येतंय, वयनी. भरती हाय.”

“सोयरं हाय का ते, वाट बघायला?” रखमाजी म्हणाला.

पाऊण तास वाट पाहिली, मग तिघा म्हाताऱ्यांनी खांदे लावले. चिखलात कडबा अंथरला, एक-एक हात होडी सरकवली. धोंडाबाईला अर्धंच दिसत होतं, तरी ती मागून बरोबर सांगत होती की रखमाजी नुसता हात लावून उभा आहे. पलीकडं पोचलो तेव्हा साडेआठ झाले होते. सडकेवर कुणी नव्हतं. गाडी निघून गेली होती.

मीच शिवानीला फोन लावला. तिनं संजयच्या मोबाईलमध्ये ॲप उघडून खालची बारीक अक्षरं वाचली आणि म्हणाली, “आजोबा, ती येळ समुद्राची. धरनाला कुठली भरती?” पाठीमागून संजय म्हणाला, “आम्हीसुद्धा ॲप बघतो, पण धक्क्याच्या पायरीवर पाणी कुठवर आलंय ते बघूनच निघतो. वारा असला की ॲपचं गणित चुकतं.”

पुढचं शिबिर महिन्यानं. ते चार आठवडे धोंडाबाई भाकरी चाचपून थापायची, आणि चिमाजी तिच्या दारावरून जायचं टाळून मागच्या पांदीनं जायचा. काठावर आता एका काठीच्या जागी तीन काठ्या. झोप तर त्यानं पार टाकलीच. शिबिराच्या दिवशी होडी घोटाभर पाण्यात डुलत उभी होती आणि धोंडाबाई गाडीच्या आधी अर्धा तास सडकेवर.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिला आणायला रखमाजीबरोबर मीही होडीत होतो. काळा चष्मा लावून ती चिमाजीच्या समोर बसली. डोंगर बघितला, पाणी बघितलं, रखमाजीचा मळका सदरा बघून नाक मुरडलं. मग चिमाजीकडं बघत राहिली. तो वल्ही मारत होता, डोळे निम्मे मिटलेले.

“भावजी, तुमी येवढं म्हातारं कवा झाला वो?”

“तुमाला दिसत नव्हतं तवा, वयनी.”

ती हसली नाही. मग रखमाजीला म्हणाली, “आज काठीपाशी तुमी जायाचं. भावजी घरी झोपतील.”

“म्या? माझं गुडघं...”

“त्या दिवशी होडीला नुसता हात लावला हुता. तवा राखलेलं गुडघं हायेत की.”

रखमाजीनं माझ्याकडं पाहिलं. मी पाण्याकडं बघत होतो, पण उपयोग झाला नाही. “आन् ह्ये दादा,” धोंडाबाई म्हणाली, “ह्यांनी मान डोलावली हुती. ह्यांना सोमवार आन् गुरुवार.”

आज गुरुवार. काठ्या रोवून झाल्यात, घोंगडी चिमाजीची आणली आहे. तिला माशांचा आणि ओल्या दोराचा वास येतो.