करमसिंगचे पागोटे

सन १९३६ च्या मार्चात आमच्या तालुक्याच्या गावच्या म्युनिसिपालिटीने अंदाजपत्रक मंजूर केले, तेव्हा ‘बाग व तालीम’ या सदराला एक अट जोडली. बागेने दहा जुलैच्या आत पहिल्या कापणीच्या गवताचा लिलाव करून पन्नास रुपये जमा करावेत. न केल्यास माळ्याची जागा रद्द व्हावी आणि बागेची दीड एकर जमीन शेजारच्या जिनवाल्याला कापसाच्या गाठी रचण्यासाठी भाड्याने द्यावी. त्या बागेत माळी एकच होता, करमसिंग.

तो अक्राणीच्या डोंगरातला. तरुणपणी बायको भुरीबाई हिच्यासह कपाशी वेचायला तापीकाठी उतरला आणि हंगाम संपल्यावर बागेच्या विहिरीपाशी झोपडी घालून राहिला. चौदा वर्षांत त्याच्या सदरातून दरसाल काही ना काही कमी होत गेले. आधी मोटेची बैलजोडी विकली गेली. करमसिंग कावडीने पाणी घालू लागला. मग फाटकावरच्या कंदिलाचे रॉकेल बंद झाले. पुढे तालमीची तांबडी माती आणणेही थांबले, तेव्हा त्याने नदीकडून स्वतःच पाट्या वाहून आणल्या. यातल्या कशाबद्दलही त्याने तक्रार केली नाही.

बाग कमिटीचे अध्यक्ष सुमेरमल यांना नेमकी हीच गोष्ट खुपत असे. सुमेरमल कापडाचे व्यापारी. ठाण हाती आले की आधी त्याची उलटी बाजू पाहण्याची त्यांना सवय होती. ज्याचे कितीही कमी केले तरी जो कुरकुरत नाही, त्याला दुसरीकडून काहीतरी मिळत असले पाहिजे, असा त्यांचा हिशेब होता. तरीही जिनवाल्याच्या प्रस्तावाला सभेत एकट्याने विरोध करून त्यांनी बाग वर्षभरापुरती वाचवली होती. तिचा माळीच लबाड निघाला, तर पुढच्या सभेत त्यांना तोंड दाखवायला जागा उरणार नव्हती.

जूनच्या मध्याला पाऊस लागला आणि जुलै उजाडेपर्यंत गवत गुडघ्याच्या वर आले. सुमेरमल कारकून भाईदास याला घेऊन बागेत गेले.

“करमसिंग, गवत कव्हय कापशी?”

“आज नही, शेठ.”

“मंग कव्हय?”

“निरोप येवू द्या.”

“कोना निरोप?”

“गावना.”

भाईदास हसला. “शेठजी, गवत कापाले गावना निरोप लागस, हाई ते मी पह्यलांदाच आयकं.”

सुमेरमल हसले नाहीत. परतताना भाईदासने एक बातमी सांगितली. सारंगखेड्याचा एक घोडेवाला आठवड्यात दोनदा बागेत येऊन गवताची उंची पाहून गेला होता. सुमेरमलना आता सारे स्पष्ट दिसू लागले. लिलाव टाळायचा, गवत आतल्या आत घोडेवाल्याला द्यायचे आणि सभेत निरोपाची कथा सांगायची. त्यांनी भाईदासला फाटकासमोरच्या चहाच्या दुकानात सकाळ-संध्याकाळ बसायला सांगितले.

बाजाराच्या दिवशी भाईदास धावत सुमेरमलच्या कापडाच्या दुकानात आला. बागेच्या मागच्या कुंपणाशी डोंगरातला एक माणूस उभा होता आणि करमसिंग त्याच्या हाती गाठोडे देत होता. सुमेरमल गिऱ्हाईक तसेच सोडून निघाले. त्यांनी गाठोडे रस्त्यावरच उघडायला लावले. आत दोन-अडीच शेर ज्वारी, एक नारळ आणि चार आण्यांची एक पावली होती.

“हाई कोनले?”

“देवले,” करमसिंग म्हणाला.

“कोनता देव?” भाईदासने विचारले. “बजेटमा तर त्यानं नाव दखास नही.”

जमलेले चार लोक हसले. घोडेवाल्याने काही दिले असेल तर ते पागोट्यात असेल, असे वाटून सुमेरमलची नजर करमसिंगच्या डोक्याकडे गेली. एवढी चौकशी झाल्यावर ती अर्धवट सोडणे त्यांना जमले नाही.

“पागोटं सोड.”

करमसिंगने क्षणभर त्यांच्याकडे पाहिले. मग त्याने पागोट्याचा एकेक वेढा उलगडला आणि ते झटकले. तंबाखूचे पान आणि चकमकीचा दगड खाली पडला. डोंगरातला माणूस मान वळवून उभा राहिला. करमसिंगने दगड उचलला, पागोटे पुन्हा बांधले, गाठोडे त्या माणसाच्या हाती दिले आणि तो कावड घेऊन विहिरीकडे गेला.

दहा तारखेला तीन दिवस उरले. दुसऱ्या दिवशी चातुर्मास बसत होता, म्हणून सुमेरमलच्या ताटात त्या दुपारी त्या वर्षीची शेवटची पालेभाजी होती. पुढचे चार महिने त्यांच्या घरात हिरवे शिजणार नव्हते. जेवताना त्यांनी पत्नी सज्जनबाई हिला माळ्याची लबाडी सांगितली. ती वाढता वाढता थांबली आणि घरातल्या मारवाडीत म्हणाली,

“भुरीबाईचाच नवरा ना तो? परवा ती दारावर आली, तर टोपलीत नुसत्या काटक्या. मी म्हटले, डोंगरात एवढी रानभाजी माजली असेल, ती का नाही आणलीस? तर म्हणे, ‘आमना गावनी पूजा व्हयेल नही, बाई.’ त्यांच्यात म्हणे पूजा झाल्याशिवाय नव्या हिरव्याला कोणी विळा लावत नाही. ना भाजीला, ना गवताला.”

“मग त्याने मला सांगायचे होते.”

“उद्यापासून तुम्ही हिरवे सोडणार,” सज्जनबाई म्हणाली. “ते तुम्ही कोणाकोणाला सांगून आलात? आणि तुमच्या दारासमोर कोणी माणूस बसवला?”

सुमेरमलची मात्र खात्री झाली नाही. माळ्याच्या बायकोने आपल्या बायकोला सांगितलेली गोष्ट शिकवलेलीही असू शकते. त्यांनी त्याच दुपारी धडगाव, मोलगी आणि तळोद्याच्या बाजूने आलेले तीन मोळीविके वेगवेगळे गाठले आणि तिघांना एकच प्रश्न विचारला. तिघांनी एकच उत्तर दिले. त्या पूजेला निलचारी म्हणतात, तिचा दिवस पंचांगात नसतो, गावचा पुजारी ठरवील तो. आणि दूर कामाला गेलेला माणूस आपला वाटा पाठवून निरोपाची वाट पाहतो. दोन-अडीच शेर ज्वारी आणि पावलीचा अर्थ त्यांना तेव्हा लागला.

ते बागेत गेले.

“माले काब्र सांगं नही तू?”

करमसिंगला प्रश्नाचेच नवल वाटले. “तुम्हना घरमा बी चार महिना हिरवं सोडतस, शेठ. माले वाटनं, तुम्हले ठाऊक शे.”

दहा तारखेच्या सभेत सुमेरमलनी आठ दिवसांची मुदत मागितली. जिनवाल्याच्या बाजूचा एक सभासद म्हणाला, “शेठजी, आता म्युनिसिपालिटीचे अंदाजपत्रक डोंगरातला पुजारी करणार काय?” सुमेरमलनी मतदान मागितले. मुदत एका मताच्या फरकाने मिळाली.

निरोप चौदा तारखेला आला. पंधराला पहाटेच करमसिंग आणि भुरीबाई यांनी विळे चालवले. सतराला लिलाव झाला. कापेपर्यंत गवत कमरेला लागले होते आणि सारंगखेड्याचा घोडेवाला भर लिलावात, सर्वांसमोर, बावन्न रुपयांपर्यंत चढला. तो गवताची उंची पाहायला येत होता, तो याच बोलीसाठी. पेंढ्या मात्र सुमेरमलनी स्वतः उभे राहून मोजून घेतल्या.

बाग राहिली. माळ्याची जागाही राहिली, आणि पुढच्या साली अटीतून तारीख काढून टाकण्यात आली.

पण लिलावाच्याच दिवशी संध्याकाळी सुमेरमल बागेतली रोजची फेरी आटोपून फाटकातून बाहेर पडत असताना करमसिंग समोर येऊन उभा राहिला. त्याने पागोटे उलगडले, झटकले, आणि पुन्हा बांधले. दुसऱ्या संध्याकाळी तेच. तिसऱ्या दिवशी सुमेरमल म्हणाले,

“आते ऱ्हाऊ दे, करमसिंग.”

“एकदाव तुम्हीच सोडाले लावं, शेठ,” तो शांतपणे म्हणाला. “आते रोज दखी ल्या.”

१९४४ साली तो डोंगरात परत गेला, तोपर्यंत हा नेम चुकला नाही. सुमेरमलनी काही दिवस तालमीच्या बाजूच्या दाराने जाऊन पाहिले, पण तिथेही तो येऊन उभा राही. शेवटी त्यांनी थांबून पाहण्याचे मान्य केले. भाईदास सांगे, की शेठजी मान खाली घालून उभे राहत, आणि लोकांना ती लाज वाटे. त्यात लाज होतीच. परंतु पागोटे झटकले गेले की त्यांची नजर, आठ वर्षांनंतरही, आधी खालच्या मातीवर फिरत असे. काही पडले का, ते पाहत.