गालात धरलेली गोळी

महायुद्ध संपलं त्या साली माझे यजमान पलटणीतून सुटून घरी आले. आमच्या लग्नाला काही वर्षं झाली होती, पण एकत्र राहणं काय ते त्यांच्या रजेपुरतंच. त्यामुळे बैलगाडीतून खाकी शर्टातला माणूस उतरला तशी मी पदर पुढे ओढून चुलीपाशी पळाले आणि तिथून वाकून पाहिलं. फार वाळले होते. सासूबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि म्हणाल्या, "सरकारनं माझ्या पोराला खायाला घातलं न्हाई वाटतं."

ते लढाईवर कधी गेले नव्हते. दारूगोळ्याच्या कोठारात कामाला होते. पेट्या उघडायच्या, गोळ्या पुसून तपासायच्या, पुन्हा भरायच्या. गावातली माणसं लढाईच्या गोष्टी विचारत तेव्हा ते नुसते हसत. मला मात्र सगळं सांगत. तिथल्या बंद खोल्या, हाताला लागणारी करडी धूळ, त्याच हातांनी खाल्लेल्या चपात्या. कोठारातले काहीजण पोट धरून बसायचे, पण त्यांना कामचुकार म्हणत. "मीबी दोनदा बसलो," ते म्हणाले, "पर सांगायचं कुणाला?"

आमचा ऊस कृष्णाकाठाला. नदीकडच्या झाडीतून रानडुकरं यायची आणि उभा ऊस आडवा करून जायची. परवान्याची जुनी ठासणीची बंदूक आमच्याकडे होती, आणखी चार-दोन घरांतही होती. यजमानांनी इस्लामपूरच्या बाजारातून मोडीचं शिसं आणलं आणि चुलीवर लोखंडी पळीत वितळवून गोळ्या ओतायला सुरुवात केली. त्यांचा हात इतका साफ की दुसऱ्या बंदूकवाल्यांनीही गोळ्या मागितल्या. पावसाळ्यात बाहेर जाळ धरत नसे, म्हणून हे काम स्वयंपाकघरातच चाले. ओतलेल्या गोळ्यांच्या कडा कानशीने घासायच्या. ती भुकटी जमिनीवर पडे, त्यांच्या धोतरावर पडे. ते धोतर मी धूत असे. तयार गोळ्यांचं मडकं पिठाच्या डब्याशेजारी ठेवलेलं. रानात राखणीला गेलं की दोन्ही हात बंदुकीत गुंतलेले, म्हणून ते दोन-तीन गोळ्या गालात धरत, सुपारी धरावी तशा. घरी आले तरी कधीकधी एखादी तशीच राहिलेली असे. मी म्हणे, "थुका की आता." ते ती तळहातावर काढून मला दाखवत आणि हसत.

त्याच साली मला दिवस राहिले होते. चौथ्या महिन्यात गर्भ पडला. सासूबाईंनी मला अंथरुणातून उठू दिलं नाही, की कुणाला मला एक शब्द लावू दिला नाही. यजमान दाराबाहेर बसून असत. आत यायचं धाडस होत नसावं. एकदा मात्र येऊन पायाशी बसले आणि माझ्या पायांवरचं पांघरूण उगीच नीट करत राहिले.

पुढच्या उन्हाळ्यात त्यांच्या पोटात कळा सुरू झाल्या. गुडघे पोटाशी घेऊन पडून राहत, घामानं भिजत. शौचाला होत नसे. ओवा झाला, एरंडेल झालं, दृष्ट काढून झाली. चेहरा पांढराफटक पडला. हिरड्यांच्या कडेनं काळपट निळी रेघ दिसे. ते मिश्री लावत, तिचा डाग असेल असं मला वाटलं. मग एका सकाळी चहाची वाटी त्यांच्या हातातून सुटली. त्यांनी दुसऱ्यांदा उचलायला हात पुढे केला तर मनगट वर येईना. पंजा नुसता खाली लोंबत राहिला. त्यांनी डाव्या हातानं तो उचलून मांडीवर ठेवला आणि माझ्याकडे बघितलं.

"झोपंत हातावर दाब आला असंल," मी म्हणाले.

"व्हय," ते म्हणाले. दोघांनाही ते खरं वाटलं नाही.

आठवडा गेला तरी हात उठेना. सासूबाईंनी स्वतःच गाडी जुंपायला सांगितली. "मिरजंला मोठं डॉक्टर हायत म्हणं. पोरी, तू जा संगं. त्येला सदऱ्याच्या गुंड्याबी लावाया येत न्हाईत."

मिरजेचे ते डॉक्टर वयस्कर होते, हळू बोलणारे. त्यांनी यजमानांना दोन्ही हात समोर ताठ धरायला सांगितले. डावा राहिला, उजवा पंजा खाली झुकला. मग ओठ वर करून हिरड्या पाहिल्या. त्या काळ्या रेघेपाशी त्यांची नजर थांबली.

"काम काय करता?"

"शेती."

"त्याआधी?"

"पलटणीत व्हतो. दारूगोळ्याच्या कोठारात."

"ते सोडून बरेच दिवस झाले. आता शिशाशी काही संबंध?"

यजमान डाव्या हातानं सदऱ्याची बाही ओढत राहिले. दुसऱ्यांसाठी गोळ्या ओतायला परवाना नव्हता, आणि सरकारच्या नावाची त्यांना पलटणीतल्यासारखीच धास्ती होती. मी तोवर परक्या पुरुषासमोर कधी तोंड उघडलं नव्हतं. पण तो लोंबता पंजा माझ्यासमोर होता.

"गोळ्या वोतत्यात," मी म्हणाले. "चुलीवर. आन् तोंडात धरत्यात."

यजमानांनी मान खाली घातली. डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी खुर्ची जवळ ओढली आणि आम्हा दोघांना समजेल असं सांगितलं. शिसं हे विष आहे, पण घाईचं नाही. धुरातून छातीत जातं, धुळीतून, हातावरून भाकरीबरोबर पोटात जातं आणि हाडांत साठून बसतं. कोठारात ते साठायला लागलंच होतं, घरात त्यात भर पडली. "नसांची ताकद गेली आहे. शिसं सुटलं तर हात बराचसा परत येईल. वेळ लागेल. दूध घ्या, अंडी खात असाल तर खा. आणि ते काम बंद. आजपासून."

मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "मूलबाळ?"

मी पायाच्या अंगठ्याकडे बघत सांगितलं. ते म्हणाले, "शिशानं असं होतं. तुमचं त्यानंच झालं की नाही, ते मी सांगू शकत नाही. पण बाळा, तुझ्या हातून काही चुकलेलं नाही."

आजवर कुणी मला दोष दिला नव्हता. तरी ते वाक्य ऐकून मी दवाखान्यातच रडले. यजमानांनी डाव्या हातानं माझा पदर नीट केला, चारचौघांत, आणि कुणी बघतंय याची पर्वा केली नाही.

घरी येऊन सांगितलं तशी सासूबाई उठल्या. चुलीभोवतीची जमीन त्यांनी विळ्यानं खरवडून काढली, माती लांब ओढ्यापलीकडे खड्ड्यात पुरली आणि जमीन नव्यानं सारवली. गोळ्या, पळी, उरलेलं शिसं सगळं त्याच खड्ड्यात गेलं. पिठाचा डबा रिकामा केला. ते पीठ कोंबड्यांनाही घातलं नाही.

चारच दिवसांनी शेजारगावचा एक बागायतदार गोळ्या मागायला आला.

"आवं काकी, येवढ्या डुकरांच्या बंदुबस्ताचं तरी बगा की!"

"माझ्या ल्योकाचा हात बगितलास?" सासूबाई म्हणाल्या. "तुजा ऊस ऱ्हाईल, न्हाईतर जाईल. गोळी मिळायची न्हाई. आन् तूबी घरात शिसं ठेवू नगंस रं, लेकरंबाळं हायत तुजी."

तो हसत आला होता, रिकाम्या हातानं परत गेला.

वर्षभर मी त्यांना भरवलं. आधी त्यांना लाज वाटे. दारात कुणी आलं की घास तोंडातच ठेवून चावायचं थांबत. पुढे पुढे सवय झाली. मी गुंड्या लावत असताना ते मला कोठारातल्या मित्रांची नावं सांगत, कोण कुठल्या गावचा, कुणाचं लग्न ठरलं होतं, आणि त्यांच्यातल्या किती जणांचे हात असे झाले असतील याचा विचार करत बसत. आम्ही म्हैस घेतली. दूध त्यांना कधीच आवडलं नव्हतं, पण औषधासारखं डोळे मिटून पीत. कळा आधी थांबल्या. मग बोटं हलली. दिवाळीच्या सुमारास एकदा मी परसात धुणं वाळत घालत होते, तेव्हा त्यांनी हाक मारली. वळून पाहिलं तर उजवा पंजा सरळ धरून उभे होते. थरथरत होता, पण सरळ होता. माझ्या हातातलं ओलं लुगडं मातीत पडलं.

हात पहिल्यासारखा झाला नाही. कुदळ फार वेळ पेलत नसे. ते राखणीला पत्र्याचा डबा वाजवत फिरायचे आणि बंदूकवाल्यांच्या घरी जाऊन बायामाणसांना शिशाचं सांगायचे. काहींनी ऐकलं, काहींनी भित्रा म्हणून थट्टा केली. थट्टेचं त्यांना काही वाटलं नाही.

पुढे मला पुन्हा दिवस राहिले. नऊ महिने पुरे होईपर्यंत घरात कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. मुलगी झाली, काळीसावळी, भरपूर रडणारी. सुईणीनं तिला बापाकडे दिली तेव्हा उजव्या हाताचा भरवसा नसल्यानं त्यांनी दोन्ही कोपर जुळवून तिला घेतलं आणि तसेच कितीतरी वेळ उभे राहिले. सासूबाई म्हणाल्या, "आरं, बस की खाली."

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "झोपलीया."