खेमराज कापगत्याची गरम बोडी

आमच्या केशोरीत पाळ घालून अडवलेलं पाणी मोठं असेल तर त्याला तलाव म्हणतात आणि लहान असेल तर बोडी. कापगत्यांच्या कोणत्या पिढीनं कोणती बोडी बांधली, हे खेमराज कापगते लग्नात सांगायचा, बारशात सांगायचा आणि एकदा तर बँकेच्या रांगेत अनोळखी माणसालाही सांगितलं होतं. पाण्याच्या बाबतीत त्याला कोणी काही शिकवलेलं चालत नसे.

पन्नाशी ओलांडली आणि त्याचे गुडघे धरले. भाताच्या रोवणीच्या चिखलात उतरला की वर येताना बांधावर ओढायला दोघं लागायचे. अर्जुनीच्या डॉक्टरनं सांगितलं, गरम पाण्यात बसत जा. जमुनाबाईनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, लग्नातलं पितळी घंगाळ काढून दिलं. खेमराज देहानं भरलेला माणूस. तो बसला खरा, पण उठला तेव्हा घंगाळही त्याच्याबरोबर उठलं. ते काढायला शेजारून माणसं बोलवावी लागली.

ही २०१२ सालची गोष्ट. त्याच हिवाळ्यात नवेगावच्या रस्त्यावरचं एक रिसॉर्ट बंद पडलं आणि तिथलं सामान विकायला निघालं. कोणी पंखे नेले, कोणी खुर्च्या. खेमराजनं ‘हॉट टब’ आणला. पाच-सहा माणसं मावतील असं पांढरं शुभ्र भांडं, आत बसायला पायऱ्या, बाजूंना भोकं, आणि बटन दाबलं की त्या भोकांतून गरम पाण्याचे फवारे. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर टब, टबमध्ये खेमराज, आणि तो दोन्ही हातांनी रस्त्यावरच्या लोकांना रामराम करत गावात शिरला. चैतराम वायरमननं गोठ्याशेजारच्या टिनाच्या शेडमध्ये वायर जोडून दिली. गावानं बारसं केलं: गरम बोडी.

दुखरे गुडघे काही एकट्या खेमराजचे नव्हते. सकाळपासून माणसं यायला लागली. कोणी जवसाचं तेल चोळून, कोणी हळदीचा लेप लावून, कोणी बांधावरून थेट चिखलाच्या पायांनी. खेमराज सगळ्यांना प्रेमानं बसवायचा आणि बसलेल्यांना बोड्यांचा इतिहास सांगायचा. उठून जायची सोय नव्हती, कारण बाहेर थंडी होती.

पंधरवड्यात पाणी भाताच्या पेजेसारखं झालं.

“अजी, हे पानी बदलवान का नाई?” जमुनाबाईनं विचारलं.

“तलावाचं पानी कोनी बदलवते का?” खेमराज म्हणाला. “पानी आपल्या आपन निवरते.”

निवळलं काही नाही. एका सकाळी त्यानं फवाऱ्याचं बटन दाबलं आणि फेस यायला लागला. आधी काठापर्यंत आला, मग काठावरून उतरला, मग शेडमधून सरळ गोठ्यात गेला. गाईनं आयुष्यात ढग जमिनीवरून चालत आलेला पाहिला नव्हता. तिनं दावं तोडलं आणि ती ग्रामपंचायतीपर्यंत पळाली.

मग खेमराजनं उपाय सुरू केले. तुरटी फडक्यात बांधून फिरवली. त्यानं काही झालं नाही, तेव्हा आरोग्यसेवकाकडून डास खाणारे गप्पी मासे आणले आणि लाइन गेलेली असताना टबात सोडले. “तलावात मासोऱ्या असल्या म्हनजे पानी साफ रायते,” असं तो सांगतच होता, तेवढ्यात लाइन आली आणि पाणी तापायला लागलं. जमुनाबाई पीठ चाळायची चाळणी घेऊन धावली. मासे वाचले. चाळणी मात्र तिनं पुन्हा पिठाला लावली नाही आणि त्या दिवशी खेमराजशी बोललीही नाही.

शेवटी खेमराजनं संघदीप रामटेकेला फोन लावला. हा पोरगा आधी त्या रिसॉर्टात टबाची देखभाल करायचा, आता अर्जुनीला त्याचं मोबाइलचं दुकान होतं.

“काकाजी, शॉक दिला का?” संघदीपनं विचारलं.

“कोनाले?”

“पान्याले. शॉक द्या लागते आठवड्यातून एकदा. थांबा काकाजी, गिऱ्हाईक आलं,” असं म्हणून त्यानं फोन ठेवला.

खेमराज तडक चैतरामकडे गेला.

“पान्याले शॉक द्याचा आहे.”

चैतराम चहा पीत होता. त्यानं कप खाली ठेवला. “कायले?”

“साफ होते म्हन्ते.”

“खेमराजभाऊ, मी तीस वरसं झाली, पान्याले शॉक लागू नये म्हनूनच काम करून राहिलो. अन् तुमी मले उलटं सांगून राहिले?”

“दे ना बावा, थोडासाच दे.”

“थोडासा शॉक नसते. माह्या लेकराबाळांचा विचार करा,” म्हणत चैतराम घरात गेला आणि त्यानं आतून कडी लावली.

दुसऱ्या दिवशी संघदीप स्वतः आला, तेव्हा उलगडा झाला. शॉक म्हणजे पावडर. गावच्या विहिरीत ब्लिचिंग टाकतात, त्याच जातीची, पण टबासाठी वेगळी. अंगाचं तेल, घाम, लेप जे काही पाण्यात उतरतं ते ती जाळून टाकते. संघदीपनं आधी सगळं पाणी सोडून दिलं, टब घासायला लावला आणि आतली पाणी गाळायची जाळी बाहेर काढली. ती पाहून जमुनाबाईनं पदर नाकाला लावला.

“आता नवीन पानी भरा,” संघदीप म्हणाला. “दोन चमचे पावडर टाका, झाकन उघडं ठेवा, मोटर चालू ठेवा. मंग ही कागदाची पट्टी बुडवून पाहा. पट्टी गर्द जांभरी असली तर कोनीच उतराचं नाई. फिकी पडन तवाच बसाचं.”

“दोन चमचे?” खेमराजनं टबाकडे पाहिलं, मग चमच्याकडे पाहिलं. “एवढ्यानं तं चहा गोड होत नाई.”

“काकाजी, दोनच.”

संघदीप गेला. खेमराजला मात्र काही चैन पडेना, कारण दुसऱ्या दिवशी त्याचे व्याही येणार होते. लेक पुष्पांजलीचे सासरे गुलाबचंदजी, गोंदियाजवळच्या फुलचूरचे. शहरी राहणी, बोलणं अर्धं हिंदी, आणि नाकाखाली कोळशासारखी काळी, भरघोस मिशी. साठी उलटून गेली तरी डोक्यावर आणि भुवयांत पांढरं आणि मिशी तेवढी काळी, हे कसं, असं कोणी विचारत नसे. सुनेच्या तोंडून टबाची तारीफ ऐकून ते मुद्दाम येत होते.

सकाळी खेमराजनं पावडरीचा डबा उघडला आणि भाताच्या बांधीत युरिया फेकावा तशी ओंजळभर फेकली. थोडं थांबून आणखी एक ओंजळ फेकली, व्याह्यांसाठी म्हणून. पट्टी बुडवली तर ती वांग्यासारखी झाली. “दुपारपर्यंत होईन फिकी,” असं म्हणून तो गुलाबचंदजींना घ्यायला स्टँडवर जाऊन बसला.

गुलाबचंदजी एसटीनं आलेच नाहीत. ते आपल्या स्कूटरनं दुसऱ्या रस्त्यानं थेट घरी पोचले. जमुनाबाईनं पाणी दिलं, चहा दिला आणि टब दाखवला. पाणी आरशासारखं लखलखत होतं.

“अरे वा! ये तो एकदम काच आहे!”

“बसा ना जी. तुमच्याचसाठी साफ केलं त्यायनं.”

खेमराज तासाभरानं कंटाळून परत आला, तेव्हा गुलाबचंदजी उन्हाळ्यातल्या म्हशीसारखे नाकापर्यंत पाण्यात होते, डोळे मिटून.

“समधीजी! बाहेर निंगा!”

“अभी कहाँ? आत्ताच तर मजा येऊन राहिली.”

“जेवन थंडं होऊन राहिलं!”

“गरम करता येते ना.”

खेमराजला खरं सांगायला तोंड उघडेना. त्यानं मेन स्विच बंद केला आणि लाइन गेली म्हणून सांगितलं. पाणी थंड व्हायला आणखी बराच वेळ लागला, आणि तोवर जे व्हायचं ते झालं होतं. गुलाबचंदजी पायरीवर उभे राहिले. निळ्या पट्ट्यांच्या चड्डीवर आता पट्टे नव्हते. डोळे लालबुंद होते. आणि मिशी! पळसाला फूल आल्यासारखी केशरी.

सगळे जेवायला बसले. खेमराज ताटाकडे बघत भात कालवत राहिला. जमुनाबाई मात्र भाजी वाढता वाढता थांबली.

“समधीजी, मिशीले वरन लागलं तुमच्या.”

गुलाबचंदजींनी रुमालानं पुसलं. “गेलं?”

“नाई.”

पुन्हा पुसलं. “अब?”

“अजून आहे. दोनी बाजूनं आहे.”

पुसून पुसून ओठ सोलायची वेळ आली तेव्हा ते उठले आणि अंगणातल्या स्कूटरच्या आरशात पाहिलं. एकदा आरसा पुसला. पुन्हा पाहिलं.

“ये कौन आहे?”

“समधीजी,” खेमराज मागून म्हणाला, “पान्याले शॉक थोडा जास्त झाला.”

“पाण्याला नाही, शॉक मेरेको लगा ना!”

परवा त्यांना पुतण्यासाठी मुलगी पाहायला दवनीवाड्याला जायचं होतं. केशरी मिशीनं कसं जाणार? काळं करायचं सामान फुलचूरला, आणि ते सामान आहे हे कबूल कोण करणार? शेवटी मिशी काढायचं ठरलं. खेमराजला इतकं वाईट वाटलं की न्हाव्यासमोर तोही बसला. “तुमी एकटे कायले? माहीबी काढ रे.”

न्हावी चुन्नीलाल हलक्या हातानं वस्तरा फिरवत होता. दोन व्याही, दोघांच्या मिश्या एकाच वेळी. त्यानं काही विचारलं नाही; दुःखात विचारू नये, एवढं त्याला कळत होतं. घरी जाताना त्यानं वाटेत भेटलेल्या दोन-चार जणांना तेवढं सांगितलं.

दुपार कलायच्या आत अंगण भरलं. बाया डोक्यावर पदर घेऊन जमुनाबाईजवळ बसल्या. एकीनं तर हुंदका काढून तिला मिठीच मारली.

“कोन गेलं वो माय?”

“मिशी गेली,” जमुनाबाई म्हणाली.

बाईनं आणखी मोठ्यानं रडायला सुरुवात केली. मिशी नावाचं कोणी नातलग असावं, असं तिला वाटलं. मग पुष्पांजलीचा नागपूरहून फोन आला. ती रडत विचारत होती की दोघांपैकी कोणते बाबाजी गेले. दोघांनी आळीपाळीनं फोनवर बोलून आपण जिवंत असल्याचं पटवलं. मग गुलाबचंदजींनाच हसू फुटलं. ते हसताहेत म्हटल्यावर खेमराज हसला, आणि रडणारी बाई जरा रागावून घरी गेली.

गुलाबचंदजी फुलचूरला परतले, तेव्हा दार उघडून विहीणबाई नंदाबाईंनी “ते घरी नाहीत” म्हणून दार लावून घेतलं. ओळख पटल्यावर त्या म्हणाल्या, “चांगले दिसता की. मला वाटायचं तुम्हाला ओठच नाहीत.” पुढं गुलाबचंदजींनी मिशी पुन्हा राखली, पण पांढरीच राहू दिली. दवनीवाड्याची सोयरीक मात्र जमली.

खेमराजच्या घरी मात्र ते प्रकरण आणखी एक दिवस चाललं. दुसऱ्या दिवशी सकाळी सडक-अर्जुनीकडचा एक लांबचा भाचा बातमी ऐकून दोन गाड्या बदलत आला. खांद्यावर पांढरा दुपट्टा, चेहरा पडलेला. खेमराजनं त्याला बसवलं, पाणी दिलं आणि सगळं सांगितलं. भाच्यानं पाणी संपवलं. मग त्यानं दुपट्टा काढून खुंटीला लावला.

“मामाजी,” तो म्हणाला, “आता आलोच आहो तं… पानी गरम आहे का?”