उसनी आजी

हसायचं असेल तर शेवटी हसा, मध्येच नको. मी चार माणसांत तोंड उघडत नाही, म्हणून सगळ्यांना वाटतं, ही पोरगी कधी चुकतच नसणार. पण तोंड न उघडताही केवढा घोळ घालता येतो, ते आता लिहूनच सांगते.

आम्ही खामगावात राहतो. आई कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला जाते, बाबा ट्रकवर असतात. धाकटी बहीण चिमी सव्वा वर्षाची. आईला काम असलं की चिमी माझ्या कडेवर आणि माझी दहावी वाऱ्यावर! तेवढ्यात आमच्या भागात पाळणाघर निघालं. बराचसा खर्च सरकार देणार, आम्ही थोडेच पैसे भरायचे. अट एकच, लेकराला सांभाळायला घरात मोठं माणूस नसावं. ते पाहायला एक मॅडम घरी येणार होत्या.

आई म्हणाली, "मले सुट्टी भेटत नाही. तूच बोल त्यायच्याशी. अन् घर जरा नीट ठेवजो."

नीट ठेवजो! पाहुणा येणार म्हटलं की आमच्याकडे घर कसं नीट होतं, माहीत आहे ना? अर्धं शेजारच्या घरातून आणून! शेजारी शमीम खाला राहतात. त्यांचं बाजारात बांगड्यांचं दुकान आहे. मी त्यांच्या दारात नुसती जाऊन उभी राहिले.

"काऊन गं, कोण येऊन राह्यलं?"

"सरकारी मॅडम."

"या अल्ला! अन् तू त्यायले चटईवर बसवशीन?"

झालं. दोन खुर्च्या आल्या, फुलाफुलांची चादर आली, टेबल फॅन आला. आमच्या साखरेला मुंग्या होत्या, म्हणून साखरही आली. शेवटी त्या दिवशी दुकान बंद ठेवून खाला स्वतःच आल्या. "तू त मुकी. बाईनं काही इचारलं त मी हाव ना!"

आणि चिमी? रोज माझी वेणी उपटणारी चिमी त्यांच्या मांडीवर शहाण्यासारखी झोपून गेली.

मॅडम आल्या. पंख्याखाली बसल्या. "बाळाला कोण सांभाळतं?"

मी तोंड उघडलं, पण खाला माझ्या आधी बोलल्या, "आम्हीच की! आपलंच लेकरू हाय."

"तुम्ही आजी का?"

"हाव, आजीच समजा!"

मॅडमनी कागदावर काहीतरी लिहिलं. मला उलटं वाचता येतं. 'घरी आजी आहे.'

तुम्ही असता तर बोलला असता ना? मी काय केलं? "चहा टाकते," म्हणून आत पळाले! गॅससमोर उभी राहून शब्द जुळवत बसले. ते जुळेपर्यंत चहा आटून अर्धा झाला. मॅडम चहा पिऊन, छान झाला म्हणून निघूनही गेल्या.

"झालं ना काम?" खाला खूश.

चिमी जागी झाली आणि माझ्याकडे झेपावली. तिला कडेवर घेतलं तेव्हा कळलं, उद्याही ही इथेच असणार. आणि मीही.

मग मात्र पळाले. कोपऱ्यावर मॅडम गाडी सुरू करत होत्या.

"मॅडम, त्या आजी आमच्या नाहीत! शेजारच्या आहेत. त्यांचं दुकान असतं. खुर्च्या त्यांच्या, पंखा त्यांचा, चादर त्यांची..."

मॅडम बघतच राहिल्या. "मग तुमचं काय होतं?"

"चहा." पण खोटं नको, म्हणून पुढे म्हणाले, "साखर त्यांचीच."

मॅडम खळखळून हसल्या. "मग हिला सांभाळतं कोण?"

उत्तर चिमीनंच दिलं, माझी वेणी ओढून.

"आणि शाळा?"

"आई घरी असली की जाते." एवढं मात्र हळूच निघालं.

मॅडम हसायच्या थांबल्या. त्यांनी कागद काढला आणि ती ओळ खोडली.

आता चिमी पाळणाघरात जाते आणि मी रोज शाळेत. दुकानात येणाऱ्या प्रत्येक बाईला खाला सांगतात, "माह्या खुर्च्यायनं काम केलं बरं! आपण घर असं सजवलं, की बाईनं लगेच नाव लिवलं!"

परवा मी तिथेच होते. खाला माझ्याकडे वळल्या, "हाव ना गं?"

सगळ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. खरं सांगायची वेळ हीच होती.

मी म्हणाले, "खाला, चहा टाकू?"